नवऱ्याची नोकरी गेली आहे. सासू-सासऱ्यांना आणि मुलांना सांगावं की थांबावं?

आसावरी_बेसा
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचत असते. आज लिहून राहिले कारण ओळखीत कोणाला विचारायची सोय नाही. नागपूर केवढंसं, प्रतापनगरात बोललेलं संध्याकाळपर्यंत महालात पोचतं.

नवरा बुटीबोरीला एका कारखान्यात प्रॉडक्शनला होता, चौदा वर्षं. कंपनीने एक लाइन बंद केली आणि त्या लाइनवरच्या सगळ्यांकडून राजीनामे लिहून घेतले. त्याचाही घेतला. ही गोष्ट घरात फक्त मला माहीत आहे. सासू-सासरे आमच्याजवळच राहतात, सासऱ्यांची बायपास झालेली आहे, म्हणून त्याने ठरवलं की दुसरी नोकरी मिळेपर्यंत सांगायचं नाही. आता तो रोज सकाळी वेळेवर निघतो, कंपनीची बस बंद झाली म्हणून गाडीने जातो असं घरी सांगितलंय, आणि दिवसभर एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पोरांमध्ये बसून अर्ज पाठवत राहतो. सासूबाई अजून रोज रात्री त्याच्या कंपनीच्या निळ्या शर्टाला इस्त्री करतात आणि तो तोच शर्ट घालून निघतो. मी डब्बा भरून देते. ते बघवत नाही मला.

पैशाचं म्हणाल तर मी खाजगी शाळेत शिकवते, माझ्या पगारात फ्लॅटचा हप्तासुद्धा पूर्ण बसत नाही. मुलगी दहावीत, मुलगा पाचवीत. आणि तोंडावर महालक्ष्म्या. आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्या असतात, दीडशे पान जेवतं. सासूबाईंनी यादी काढायला घेतली आहे. नणंदेच्या मुलीचं लग्नही हिवाळ्यात आहे, मामाचा आहेर असतोच. खर्च कमी करा म्हणावं तर कारण काय सांगू?

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लिहा. सांगितलं का, कधी, कोणी, आणि मग काय झालं.

वैदर्भी
आसावरी, आधी तुला घट्ट मिठी. माझं मत, सांगून टाका, आणि त्यानेच सांगावं. तू सांगितलंस तर ती चुगली होते, त्याने सांगितलं तर ती घरातली गोष्ट राहते.

पोट्टा_महालचा
ताई काळजी नका करू, भाऊला माणूस म्हणून काही कमी नाही आलं. बुटीबोरीत आज इथं उद्या तिथं चालूच राहते. कोणत्या लाइनचं काम आहे ते मेसेजमध्ये कळवा, हिंगण्याला माझे दोन-तीन मित्र प्लांटमध्ये आहेत, विचारून पाहतो.

निरंजन_खामला
मी उलट सांगतो. मी त्या जागेवर बसलेला माणूस आहे, २०२० च्या लॉकडाउननंतर माझी गेली होती. बाहेरून सगळ्यांना वाटतं की माणूस घरच्यांना फसवून राहिला. तसं नसतं. सकाळी आंघोळ करून, बूट घालून, वेळेवर घराबाहेर पडणं हेच एक उरलेलं असतं जे अजून पहिल्यासारखं आहे. ते काढून घेतलं की दहा वाजता लुंगीवर सोफ्यावर बसलेला माणूस उरतो आणि तो माणूस मुलाखतीला गेला तर समोरच्याला ते दिसतं.

माझा डब्बा मी अंबाझरीला गाडी लावून गाडीवरच बसून खायचो. एक चणेवाला होता, त्याने एकदाही विचारलं नाही की भाऊ रोज काय येता, फक्त मी दिसलो की पाण्याची बाटली पुढे करायचा. आज त्या रस्त्याने गेलो की थांबून त्याच्याकडून चणे घेतोच.

तर सांगायचं का, सांगायचं. पण दिवस त्याला ठरवू द्या. आणि सांगितल्यावरही त्याचं सकाळी निघणं बंद करू नका. अभ्यासिका चालू ठेवा.

सुलभा_नंदनवन
वरच्या सगळ्यांशी असहमत. सासू-सासऱ्यांना सांगून काय मिळणार? माझ्या घरी सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात सांत्वन झालं, दुसऱ्या आठवड्यापासून "तू घरात आल्यापासून" सुरू झालं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर पायगुण आठवला त्यांना. नातेवाईकांचे फोन वेगळे, प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगा, आणि शेवटी प्रत्येकजण एकच सांगणार की आमच्या अमक्याला लगेच लागली बाई. जोपर्यंत हातात दुसरं काही नाही तोपर्यंत तोंड बंद ठेवा असंच मी म्हणेन. महालक्ष्म्यांना सरळ तब्येतीचं कारण सांगा, बायपासवाल्या घरात गर्दी नको म्हणावं.

वैदर्भी
सुलभाताई, तुमच्याकडे झालं ते वाईटच. पण तब्येतीचं कारण सासऱ्यांच्या नावावर टाकायचं आणि तेच रोज सकाळी फिरायला जाऊन सगळ्यांना भेटून येणार, हे किती दिवस टिकेल? एक गोष्ट लपवायला चार रचाव्या लागतात आणि त्या सगळ्या आसावरीला लक्षात ठेवाव्या लागतील. शाळा, पोट्टे, स्वयंपाक आणि वरून हे.

हिशेबनीस
भावनिक बाजूवर बाकीचे लिहीतच आहेत, मी पैशाचं लिहितो कारण त्याला मुदती असतात आणि त्या थांबत नाहीत.

सगळ्यात पहिले ग्रॅच्युइटी. राजीनामा दिला असला तरी पाच वर्षं पूर्ण झाली की ती मिळतेच, तो हक्क आहे, मेहरबानी नाही. हिशेब असा, शेवटचा बेसिक (मूळ पगार) अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. समजा बेसिक-डीए ३२ हजार असेल तर चौदा वर्षांचे २ लाख ५८ हजारांच्या वर होतात. कंपनीने ती तीस दिवसांत द्यायची असते, उशीर केला तर व्याजासकट. लेखी अर्ज दिला नसेल तर द्या आणि पोच घ्या. अर्ज न करताच लोक वाट पाहत बसतात.

दुसरं मेडिक्लेम. हे लोक विसरतात. कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरी सुटली की संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीची वर्षं मोजली जातात, पण त्यासाठी लगेच हालचाल करावी लागते, मध्ये खंड पडला की जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा खर्च मिळत नाही तो काळ, परत पहिल्यापासून. सासऱ्यांचं वय काय आहे? सत्तर पूर्ण असेल तर आयुष्मान भारतचं ज्येष्ठांचं कार्ड काढा, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, आधारवरून निघतं. ऑक्टोबर २०२४ पासून आहे ते.

तिसरं घराचा हप्ता. एक हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा. चुकल्यावर गेलेला माणूस आणि चुकायच्या आधी गेलेला माणूस, बँक दोघांशी वेगळं बोलते. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं आणि मग मॅनेजरच्या हातातही फारसं राहत नाही.

पीएफला एवढ्यात हात लावू नका असं माझं मत. व्याज मिळत राहतं.

आसावरी_बेसा
हिशेबनीस, खूप खूप आभार. सासरे ७२ चे आहेत, कार्डाचं माहीतच नव्हतं. ग्रॅच्युइटीचा अर्ज त्याने केला नाहीये, एचआरने सांगितलं की होईल आपोआप.

एचआरवाली_मनीषनगर
आपोआप काही होत नाही ताई. मी बारा वर्षं एचआरमध्ये आहे म्हणून सांगते. मेलवर मागा, तोंडी नको. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, बोनसचा हिस्सा, रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र आणि वर्ष संपल्यावर फॉर्म १६, हे सगळं एकाच मेलमध्ये लिहून टाकायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे श्रम कायदे लागू झाले आहेत, त्यात नोकरी सुटल्यावर, राजीनामा असो की काढलेलं असो, पगाराची थकबाकी दोन कामाच्या दिवसांत द्यायची आहे. तेवढं एक वाक्य मेलमध्ये टाका, फरक पडतो.

आणि राजीनामे लिहून घेतले हे वाचून चीड आली. असं का करतात तर कामावरून काढलं म्हटलं की नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई कामगारांना द्यावी लागते, राजीनामा घेतला की तो प्रश्नच मिटतो. त्याच्यासोबतचे बाकीचे लोक काय करून राहिले ते विचारा, सगळे मिळून कामगार आयुक्तांकडे जाणार असतील तर यानेही जावं. जे वाचून राहिले त्यांच्यासाठी, टेबलावर कागद ठेवून "आत्ता सही करा" म्हटलं तर "घरी नेऊन वाचतो" एवढं म्हणायचा अधिकार प्रत्येकाला आहे.

तर्रीपोहा
मी म्हणतो वहिनींच्या हाताला चव असेल तर टिफिन सुरू करा. बेसा-मनीषनगर पट्ट्यात इतके बॅचलर पोट्टे राहतात, सगळे ऑनलाइन मागवून मागवून कंटाळलेत. भाऊ डिलिव्हरी करेल.

अनुजा_त्रिमूर्तीनगर
टिफिनचा सल्ला प्रत्येक धाग्यावर येतो. मी मेस चालवते त्यामुळे बोलते. पहाटे साडेचारला उठावं लागतं, गॅस सिलेंडर किती लागतात ते विचारू नका, पोट्टे महिनाअखेरीला पैसे देतो म्हणतात आणि परीक्षा झाली की रूम सोडून गावाला. धंदा चांगला आहे, मला आवडतो, पण तो शाळेची नोकरी सांभाळून बाजूला करायची गोष्ट नाही. आत्ता घरात येणारा एकमेव नियमित पगार आसावरीचा आहे, त्याला धक्का लागेल असं काहीही करू नका. आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आले की फ्रँचायझीवाले कुठून तरी वास काढत येतात, दोघांनाही सांगते, सहा महिने कोणत्याही कागदावर सही नको.

तर्रीपोहा
पटलं ताई. मागे घेतो. (मेस कुठे आहे पण तुमची?)

अनुजा_त्रिमूर्तीनगर
मेसेज करते 😄 रविवारी पाटोडीरस्सा असतो.

पोट्टा_महालचा
मलाही करा मेसेज, पाटोडीसाठी महालातून येतो मी.

मृण्मयी
जरा वेगळं लिहिते. धाग्याचं नाव नवऱ्याची नोकरी आहे, माझ्या घरी नोकरी माझी गेली. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करत होते, एका दुपारी मीटिंगला बोलावलं आणि संध्याकाळी लॅपटॉप परत न्यायला कुरिअरवाला दारात. गंमत म्हणजे घरात कोणाला लपवावंच लागलं नाही, कारण कोणाला फार वाईटच वाटलं नाही. सासूबाई म्हणाल्या बरं झालं, आता पोरीकडे लक्ष देशील. आई म्हणाली आराम कर. घराचा हप्ता माझ्या पगारातून जात होता हे फक्त नवऱ्याला आणि मला माहीत होतं. मी रडले तर "तुला काय कमी आहे" असं विचारायचे. माझ्या नवऱ्याने मात्र एक केलं, त्याने स्वतःच्या आईला बसवून पासबुक दाखवलं, की हे बघ, हे हिचे पैसे, यावर घर चालू होतं. त्यानंतर घरातला सूर बदलला. आसावरी, तुझ्या सासरच्यांना सांगशील तेव्हा आकड्यांसकट सांग. "थोडी अडचण आहे" म्हटलं की लोक आपल्याला हवी तेवढीच अडचण समजतात.

जुना_नागपूरकर
लहान तोंडी मोठा घास घेत नाही, मोठ्या तोंडी लहानच घेतो. या गावाला हे नवीन नाही. आपलं नागपूर गिरणीचं गाव. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्या भोंग्यावर अर्धं शहर घड्याळ लावायचं. आता त्या जागी मॉल आहे, माझी नातवंडं तिथे एस्केलेटरवर वरखाली करतात. मिल बंद झाल्या तेव्हा एका घरची नाही, वस्त्याच्या वस्त्यांची नोकरी गेली. माझे वडीलही गिरणीत होते, मी तेव्हा कॉलेजात.

त्यात एक बरं होतं. सगळ्यांचीच गेली होती, त्यामुळे लपवायला काही नव्हतं. आमच्या गल्लीत कोणाची बायको पापड लाटायची, कोणी इतवारीतल्या दुकानांचे लाल तिखटाचे पुडे भरायची, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून किती झाले ते एकमेकींना सांगायच्या. वडील पुढे एका किराणा दुकानात वह्या लिहायला लागले. घरातलं मीठमिरची चालू राहिलं ते आईच्या पापडावर, आणि वडील ते पाहुण्यांसमोर मोठ्याने सांगायचे. तुमच्या पिढीचं जास्त अवघड आहे पोरी, कारण एकेकाची एकेकट्याने जाते, फ्लॅटचं दार लावून.

सासरे कुठे नोकरीला होते?

आसावरी_बेसा
काका, सासरे कोळसा खाणीत होते, उमरेडकडे. युनियनचं काम पण करायचे.

जुना_नागपूरकर
खाणीतला युनियनवाला माणूस! मग त्यांना काय समजता तुम्ही. त्यांनी संप पाहिलेत, लोकांच्या नोकऱ्या जाताना-येताना पाहिल्या आहेत. घरात या विषयातला सगळ्यात जाणता माणूस तोच आहे आणि त्याच्यापासूनच लपवून राहिले तुम्ही.

सुलभा_नंदनवन
काका तुमचं बरोबर असेल, पण बायपास झालेल्या माणसाला धक्का बसला तर जबाबदारी कोणाची?

डॉ_पल्लवी
सुलभाताईंची शंका रास्त आहे म्हणून उत्तर देते. बायपास झालेला, औषधं नीट चालू असलेला माणूस शांतपणे बसून सांगितलेली वाईट बातमी ऐकू शकतो. त्याला बाहेरून, बाजारात, कोणाच्या तरी तोंडून कळणं जास्त वाईट. सकाळी, नाश्ता आणि गोळ्या झाल्यावर सांगा, रात्री झोपायच्या वेळी नको.

मला काळजी वाटते ती तुमच्या मिस्टरांची. झोप लागते का, जेवण कमी झालंय का, चिडचिड, पिणं वाढलंय का, कोणाशी बोलणं टाळतात का, याकडे लक्ष ठेवा. आणि "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास, मी नसतो तर बरं" अशा अर्थाचं काही बोलले तर ते बोलणं म्हणून सोडून देऊ नका, समोर बसून सरळ विचारा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे, खाजगीचा खर्च झेपत नसेल तर तिथे जा, कमीपणा काही नाही.

निरंजन_खामला
डॉक्टरांनी लिहिलं ते खरंच महत्त्वाचं आहे. मला रात्री दोन वाजता जाग यायची आणि पंख्याकडे पाहत हप्त्यांची बेरीज करत पडायचो. बायको उठून बसायची आणि काही न बोलता चहा टाकायची. त्या वेळी कोणी मला पॉझिटिव्ह राहा म्हटलं असतं तर मी घर सोडून गेलो असतो.

अनघा_धरमपेठ
मुलांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, मी ते मूल आहे. मी दहावीत असताना बाबांची नोकरी गेली. आईबाबांनी ठरवलं की बोर्ड होईपर्यंत मला सांगायचं नाही. मला काय दिसत होतं, तर दोघं माझी चाहूल लागली की गप्प होतात, बाबा बाल्कनीत जाऊन फोनवर हळू बोलतात, आई आंघोळीला गेली की डोळे लाल करून बाहेर येते. मी ठरवून टाकलं की हे दोघं वेगळे होऊन राहिले. भूगोलाच्या पेपरच्या आदल्या रात्री मी हाच विचार करत होते की मी कोणाकडे राहणार. नोकरी गेली हे कळलं तेव्हा खरं सांगते मला हायसं वाटलं, एवढंच होय!

तुमच्या मुलीला सांगा. पाचवीतल्या मुलालाही, त्याच्या मापाने. मुलांना एवढंच हवं असतं की घर कुठे जात नाहीये, शाळा बदलणार की नाही आणि आईबाबा एकत्र आहेत की नाही.

वैदर्भी
अनघा, अंगावर काटा आला वाचून.

मंगलमावशी_सक्करदरा
महालक्ष्म्यांचं मी सांगते, माझ्याकडे साठ वर्षांच्या आहेत. दीडशे पान हा कुळाचार नाही, ती हौस आहे. कुळाचार म्हणजे मुखवटे, फुलोरा, पुरणावरणाचा नैवेद्य, सोळा भाज्या, आंबील आणि सवाष्ण. बाकी सगळं आपण वाढवत गेलो, माझ्या सासूच्या वेळी तर शेजारची दोनच घरं जेवायची. सोळा भाज्या पाव-पाव किलो आणून एकत्र केल्या तरी सोळाच होतात, देवी काही वजनकाटा घेऊन बसत नाही. कॉटन मार्केटला पहाटे गेलात तर फार पैसे पण लागत नाहीत. फुलोरा घरी करा, करंज्या-पापड्या तळायला मी येते, बेसा काही लांब नाही.

तर्रीपोहा
मावशी, सोळा भाज्यांत कारलं चालतं का? आमच्याकडे यावरून दर वर्षी भांडण.

मंगलमावशी_सक्करदरा
आमच्याकडे चालतं. तुझ्या बायकोकडे चालत नसेल तर नाही चालत. भांडू नको.

पोट्टा_महालचा
यापेक्षा मोठा न्याय हायकोर्टाच्या बेंचवर पण नाही मिळणार 😂

आसावरी_बेसा
सगळ्यांना सांगायला आले. मी हा पूर्ण धागा त्याला वाचायला दिला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग निरंजनदादांचं अंबाझरीचं वाचून म्हणाला, मी पण तिथेच बसतो कधी कधी.

रविवारी सकाळी चहा-गोळ्या झाल्यावर तो स्वतःच बाबांजवळ जाऊन बसला. मी स्वयंपाकघरात होते, हात थरथरून राहिले होते माझे. त्याने सांगितलं, कंपनीने लाइन बंद केली, राजीनामा घेतला, हप्ता इतका, शिल्लक इतकी. मृण्मयीने लिहिलं तसं सगळं आकड्यांत. बाबांनी पेपर घडी करून ठेवला आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल, "ग्रॅच्युइटीचा अर्ज दिला का?" दिला नाही म्हटल्यावर जे काय चिडले! नोकरी गेली यावर नाही, सही करून दिली यावर. "चौदा वर्षं काम करून बिनबोभाट सही करून आला, माझा पोरगा!" मग दोघं डायनिंग टेबलवर बसून मेल लिहून राहिले होते, बाबा तोंडाने सांगत होते आणि तो टाईप करत होता. त्याच्यासोबतच्या बाकीच्यांना पण बाबांनी फोन करायला लावले, मंगळवारी सहाजण आमच्या घरी जमले होते.

सासूबाईंचं मात्र तसं झालं नाही. त्या माझ्याशी नीट बोलत नाहीयेत. त्यांचं म्हणणं, सुनेला माहीत आणि आईला नाही, आणि मी वेड्यासारखी रोज शर्टाला इस्त्री करत होते. मला त्यावर काही उत्तर देता आलं नाही. महालक्ष्म्यांना घरचेच आणि पाच सवाष्णी असं ठरलं आहे, ते त्यांनी बाबांना सांगितलं, मला नाही. मंगलमावशी, तुम्ही याच नक्की.

मुलीला सांगितलं तर ती म्हणाली ट्यूशन सोडू का. नाही म्हटलं. मुलाने विचारलं, मग आता बाबा मला शाळेत सोडायला येतील का रोज? ते मात्र सुरू झालंय.

नणंदेला फोन त्यानेच केला. आहेराचं ती म्हणाली बघू तेव्हाचं तेव्हा, आवाजावरून काही कळलं नाही.

वैदर्भी
किती छान वाटलं वाचून. सासूबाईंचं होईल ग ठीक.

सुलभा_नंदनवन
आसावरी, तुमच्या सासऱ्यांनी जे केलं ते माझ्याकडे झालं नाही म्हणून मी तसं लिहिलं होतं. मला खरंच आनंद आहे. सासूबाईंना मात्र वेळ द्या, त्यांचा राग मला समजतो. त्यांनाही कोणीतरी स्वतंत्र बसून सांगायला हवं होतं, नवऱ्यामागून कळलं त्यांना.

मृण्मयी
सुलभाताईंना अनुमोदन. त्यालाच म्हणावं आईजवळ जाऊन बस एकदा, बाबा नसताना.

जुना_नागपूरकर
सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. आणि सहाजण जमले ते फार चांगलं झालं.

आसावरी_बेसा
सांगते काका. मृण्मयी, म्हणते त्याला.

अजून एक विचारायचं होतं. बँकेत आम्ही जाऊन आलो, मुदत वाढवायचा अर्ज दिला आहे, हप्ता कमी होईल असं म्हणाले पण मंजुरीला वेळ लागेल. तोपर्यंतचे हप्ते माझ्या पगारातून आणि थोड्या एफडीतून निघतील. पण मुलीच्या क्लासचा दुसरा हप्ता आहे, त्यासाठी पीएफमधून थोडे काढावे का? आणि पोर्टलवर त्याची नोकरी अजून चालूच दाखवतेय.

एचआरवाली_मनीषनगर
क्लासवाल्यांना आधी विचारा, तीन तुकड्यांत देतो म्हणून. दहावीच्या मध्यावर कोणी पोरीला बाहेर काढत नाही, बहुतेक ऐकतात. शाळेच्या फीचंही तसंच, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या.

हिशेबनीस
पीएफचे नियम बदलत आहेत. आधी नोकरी गेल्यावर एका महिन्याने ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी सगळे काढता यायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये निर्णय झाला की ७५ टक्के लगेच काढता येतील, पण उरलेले २५ टक्के बारा महिने बेरोजगार राहिल्यावरच. म्हणून काढायचेच तर लागतील तेवढेच काढा, सगळे नको. पेन्शनच्या भागाला हात लावू नका, दहा वर्षं झालेली आहेत म्हणजे पुढे पेन्शन मिळणार आहे.

पोर्टलवर नोकरी चालू दिसते कारण कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नाही. त्याच मेलमध्ये ती भरायला सांगा. नाहीच भरली तर शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी आधार ओटीपीने ती आपली आपल्याला भरता येते. भरताना रिलीव्हिंग लेटरवरची तारीख आणि ही तारीख एकच असू द्या, नाहीतर पुढच्या नोकरीत पीएफ ट्रान्सफरला अडकतं. बँक खातं आणि पॅन जोडलेलं आहे का तेही आजच पाहून घ्या. अडलं तर तुकडोजी पुतळ्याजवळच्या पीएफ ऑफिसात जा, शनिवार-रविवार सोडून, आणि आधारची झेरॉक्स दोन जास्तीच्या ठेवा.